मिस्ट्री स्नेलचा शंख पांढरा पडतो, खड्डे पडतात: गोळी टाकूनही पुन्हा पुन्हा तेच का होतं?

मिस्ट्री स्नेल म्हणजे घरच्या माशांच्या टाकीत पाळतात ती गोड्या पाण्यातली गोगलगाय. तिच्या शंखाचा शेंडा आधी मळकट पांढरा दिसायला लागतो. मग त्यावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, खड्डे एकमेकांना मिळतात आणि भिंतीच्या रंगाचा पोपडा निघावा तसा पांढरा भाग उघडा पडतो. गोगलगाय मात्र रोजच्यासारखी काचेवरून फिरत असते, काकडी खात असते. त्यामुळे आपल्याला घाई वाटत नाही. दुकानात विचारलं की ‘कॅल्शियम कमी पडतंय, ही गोळी टाका’ असं उत्तर मिळतं. गोळी टाकली की महिनाभर बरं दिसतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या पुण्यातल्या घरच्या टाकीत हे दोन वर्षांत तीनदा झालं. पहिल्या दोन वेळी एकेक पिवळी मिस्ट्री स्नेल गेली. तिसऱ्या वेळी मात्र मी वही घातली आणि दर रविवारी पीएच, जीएच (पाण्याचा जडपणा), केएच (पीएच घसरू न देणारी पाण्यातली क्षारता) आणि नायट्रेट लिहून ठेवायला सुरुवात केली. वहीची चार पानं भरली तेव्हा चूक कुठे होत होती ते दिसलं. शंख दोन अगदी वेगळ्या कारणांनी बिघडतो, आणि दोन्हींवर आपण एकच गोळी टाकत बसतो.

शंखाचा कुठला भाग बिघडलाय ते आधी बघा

शंख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर बाहेरून नखासारखं एक पातळ सेंद्रिय आवरण असतं. रंग आणि चकाकी बरीचशी त्याचीच. गोगलगाय शंख वाढवते तो फक्त तोंडाच्या काठाला. म्हणजे शेंडा तिच्या अगदी लहानपणचा आणि काठ या आठवड्यातला. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मं निदान नुसतं बघून होतं.

शेंड्याकडून खड्डे पडत असतील तर पाणी शंखाला विरघळवतंय. शेंडा सगळ्यात जुना, तिथलं आवरण आधी झिजतं, आणि एकदा आतलं कॅल्शियम कार्बोनेट उघडं पडलं की आम्लधर्मी पाणी ते हळूहळू खातं. इथे गुन्हेगार बहुतेक वेळा घसरलेला पीएच, आणि त्याच्या मागे संपलेला केएच.

शेंडा गुळगुळीत आहे, पण तोंडाचा काठ कागदासारखा पातळ, पारदर्शक किंवा चिरलेला आहे? मग पाणी शंख खात नाहीये, गोगलगायीला नवा शंख बांधायला माल मिळत नाहीये. इथे जीएच, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि त्याबरोबर खाणं तपासायचं.

दोन्ही एकत्र असू शकतं. नुसती एक आडवी रेघ दिसत असेल, जिच्या अलीकडे-पलीकडे रंग वेगळा आहे, तर ती बहुतेक तुमच्या घरी आल्याची खूण. दुकानातलं पाणी वेगळं, प्रवासाचा ताण वेगळा, वाढ मध्ये थांबते. तिच्यावर काही उपाय करू नका. शंखावरचा पांढरा थर बोटानं चोळून निघत असेल तर तो क्षार किंवा शेवाळ आहे, झीज नाही. आणि एखाद्या भागावर ठळक, ओबडधोबड ओरखडे दिसले तर टाकीतल्या इतर गोगलगायी बघा. पाण्यात कॅल्शियम कमी पडलं की त्या एकमेकींच्या शंखावर बसून तो खरवडतात.

सह्याद्रीतल्या ओढ्यांत दगडांना चिकटलेल्या लांबट गोगलगायी जरूर बघा. पुष्कळांचा शेंडा झिजून बोथट झालेला असतो आणि तरी त्या धडधाकट असतात. थोडा झिजलेला शेंडा म्हणजे आजार नव्हे. झीज पुढे सरकत राहते तेव्हा काळजी करायची.

माझ्या टाकीत काय होत होतं

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मोजून ५४ लिटर, वाळू-दगड वजा जाता जेमतेम ४५ लिटर पाणी. दहा-बारा गप्पी, दोन मिस्ट्री स्नेल, एक मोठं लाकूड आणि गप्पींसाठी म्हणून टाकलेली बदामाची वाळकी पानं. नळाला खडकवासल्याचं पाणी. हे पाणी हलकं: माझ्या किटवर जीएच ४, केएच ३, पीएच ७.४ आला. मुंबईत तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी येणाऱ्यांनीही मोजून बघावं, त्यांचीही गोष्ट फार वेगळी नसते.

टाकीतलं पाणी मोजलं तर जीएच ५, म्हणजे नळापेक्षा जास्तच. पीएच ६.२. आणि केएचच्या किटचा पहिला थेंब टाकताच पाणी निळं न होता थेट पिवळं झालं, म्हणजे केएच जवळपास शून्य.

हा केएच गेला कुठे? माशांच्या आणि गोगलगायींच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि हे काम करताना आम्ल तयार होतं. ते आम्ल केएच गिळतो, म्हणून पीएच टिकून राहतो. अमोनियातलं १ मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेटमध्ये बदलताना साधारण ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. टाकीच्या भाषेत सांगायचं तर नायट्रेट ११ पीपीएमनं (लिटरला ११ मिलिग्रॅमनं) वाढलं की केएच साधारण १ डिग्रीनं उतरतो. नळाला केएच ३ असेल तर नायट्रेट ३३ च्या आसपास पोचेपर्यंत शिल्लक संपली. माझं नायट्रेट तेव्हा ४० दाखवत होतं. लाकूड आणि बदामाची पानं वरून आणखी आम्ल सोडत होती.

आणि माझी मुख्य चूक अशी की मी पाणी बदलत नव्हतो, भरत होतो. उन्हाळ्यात पाणी उडायचं, पातळी दोन बोटं खाली गेली की बादलीनं वर आणायची. उडून जातं ते नुसतं पाणी. क्षार आणि नायट्रेट टाकीतच राहतात. म्हणून जीएच चढत गेला, नायट्रेट चढत गेलं आणि केएच मात्र संपला.

आता गोळीचं बघा. माझ्या गोळीच्या पाकिटावर कॅल्शियम सल्फेट लिहिलेलं होतं. त्यानं जीएच वाढतो, केएच नाही. पीएच ६.२ होता तो तसाच राहिला असता. मग दोन्ही वेळा महिनाभर बरं का वाटलं? मागचं आठवून बघितल्यावर लक्षात आलं की गोळी टाकायच्या आधी ‘टाकी साफ करून घेऊ’ म्हणून मी अर्धं पाणी बदललं होतं. फरक पडला तो त्या पाण्यानं, आणि श्रेय मिळालं गोळीला.

टीडीएस मीटरवर निदान करू नका

माझा आतेभाऊ शहराच्या कडेला नव्या सोसायटीत राहतो. तिथे टँकर आणि बोअरचं पाणी. त्याच्या गोगलगायींचे काठ इतके पातळ झाले होते की एक उचलताना कडेचा तुकडाच तुटला. मी फोनवर कॅल्शियम कमी असेल म्हटलं तर तो म्हणाला, “दादा, कॅल्शियम कमी कसं असेल? टीडीएस ४२० आहे. बाथरूमच्या नळांवर आधी पांढरे थर बसायचे, इतकं जड पाणी आहे आमचं.”

“आधी बसायचे म्हणजे? आता बसत नाहीत?”

“नाही, सोसायटीनं प्लांट लावलाय ना.”

त्या प्लांटमुळेच सगळं घडत होतं. सोसायटीतला सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. त्यासाठीच तळघरात मिठाची पोती येतात. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ते कॅल्शियमचे की सोडियमचे, हे त्याला कळत नाही. म्हणून आकडा ४२० च राहतो आणि कॅल्शियम गायब असतं. शनिवारी किट घेऊन गेलो. पीएच ८.२, केएच १२, आणि जीएचच्या किटचा पहिलाच थेंब हिरवा, म्हणजे जीएच जवळपास शून्य.

याच्या शंखांचे शेंडे का गुळगुळीत होते, तेही यात आलं. केएच आणि पीएच भरपूर असल्यामुळे पाणी शंख विरघळवत नव्हतं. फक्त बांधायला कॅल्शियम नव्हतं. माझ्या टाकीच्या अगदी उलट. मी त्याला माझा उपाय सांगितला असता तर काही उपयोग झाला नसता.

सॉफ्टनर आहे का, हे सोसायटीच्या प्लंबरला विचारलं की लगेच कळतं. घरीही अंदाज येतो. शाळेत दुष्फेन पाणी शिकलो होतो ते आठवा: जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, चोथा होतो. पाणी चवीला मचूळ पण साबण सोडता सुटत नाही, अंग बुळबुळीत राहतं, असं असेल तर सॉफ्टनरचा संशय घ्या. आरओचं पाणी टाकीत घालणाऱ्यांचं याहून वाईट, तिथे जीएच आणि केएच दोन्ही जवळपास काढून टाकलेले असतात. गोगलगायीच्या टाकीत नुसतं आरओ कधीच घालू नये असं माझं ठाम मत आहे.

म्हणून थेंब मोजायचं जीएच-केएच किट घ्याच. नेहमीच्या किटमध्ये ५ मिलिलिटर पाण्याला एक थेंब म्हणजे एक डिग्री, म्हणजे साधारण १८ पीपीएम. पट्ट्यांवर फार विसंबू नका, दमट हवेत त्या लवकर खराब होतात. पीएच सकाळी दिवे लावायच्या आधी मोजा. झाडं असलेल्या टाकीत संध्याकाळी तो चढलेला असतो आणि खोटं समाधान देतो.

मिस्ट्री स्नेलसाठी मी जीएच ८ च्या वर, केएच ४ च्या खाली न जाणारा आणि पीएच ७.२ ते ७.८ धरतो.

केएच संपला असेल तर

पहिलं काम, अमोनिया मोजा. हे सोडू नका. पीएच सहाच्या आसपास असताना जीवाणू मंदावतात, अमोनिया साठतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो कमी विषारी रूपात असतो. तुम्ही एका दिवसात पीएच साडेसातवर नेलात तर तोच साठा विषारी होतो आणि सकाळी मासे वर तरंगतात. अमोनिया दिसला तर आधी दोन-तीन दिवस थोडं थोडं पाणी बदलून तो उतरवा.

मग आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं. माझ्याकडे दर रविवारी १२ लिटर. क्लोरीन काढणारं औषध घालून, टाकीच्या तापमानाला आणून. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा हे विसरू नये.

तेवढ्यानं केएच चारवर येत नसेल तर खायचा सोडा. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्यानं केएच साधारण १ डिग्री वाढतो. माझ्या ४५ लिटरला सपाट पाव चमचा पुरतो. मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओतायचा, दिवसाला एक डिग्रीपेक्षा जास्त नाही. खायचाच सोडा, बेकिंग पावडर नको आणि धुण्याचा सोडा तर अजिबात नको. सोड्यानं कॅल्शियम मिळत नाही, फक्त केएच वाढतो. हे वर सांगितलेल्या गोळीच्या बरोबर उलटं.

कायमची सोय म्हणून मला सगळ्यात आवडलेला उपाय स्वयंपाकघरातला आहे. तिसऱ्यांची शिंपलं. तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपलं घासून, दहा मिनिटं उकळून, उन्हात कडकडीत वाळवायची. वरवंट्यानं जाडसर फोडायची आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये, पाणी ज्यातून वाहतं तिथे ठेवायची. ४५ लिटरला दोन मुठी. पाणी आम्लाकडे झुकलं की ती विरघळतात, केएच आणि कॅल्शियम दोन्ही देतात, आणि पीएच चढला की विरघळणं आपोआप मंदावतं. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. घरात मासे खात नसाल तर कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो, तोही चालतो. पोवळ्याचा चुरा घाला असं परदेशी व्हिडिओंत सांगतात. आपल्याकडे प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका, शिंपलं तेच काम करतात.

लाकूड काढायची गरज नाही. बदामाची पानं मी बंद केली.

कॅल्शियमच नसेल तर

शिंपलं इथे फारशी कामाची नाहीत. आतेभावाच्या टाकीत पीएच ८.२, तिथे ती वर्षभर तशीच पडून राहिली असती. अंड्याच्या टरफलांचंही तेच. ‘मी टरफलं टाकली, काहीच झालं नाही’ अशी तक्रार असते त्यामागे हे कारण असतं. ती घटक म्हणून उत्तम, पण त्या पाण्यात विरघळत नाहीत.

सॉफ्टनरवाल्यांनी आधी सॉफ्टनरच्या अलीकडचं पाणी मिळतंय का ते बघावं. पुष्कळ इमारतींत बागेचा नळ थेट बोअरवर असतो. आतेभावाला तो सापडला: जीएच २२. आता तो निम्मं हे आणि निम्मं घरातलं पाणी मिसळतो, जीएच ११ च्या आसपास राहतो. पाणी थोडं थोडं बदलत तिथे पोचायला त्यानं तीन आठवडे घेतले. असा नळ नसेल तर कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम: १०० लिटरला ३ ग्रॅमनं जीएच साधारण १ डिग्री वाढतो. म्हणजे ती बदनाम गोळी इथे मात्र बरोबर औषध आहे.

समुद्रफेन दोन्हीकडे चालतं, कारण गोगलगाय ते थेट खरवडून खाते. ही माकुळाच्या पाठीतली पांढरी, हलकी फळी. पक्ष्यांच्या दुकानात लव्हबर्डसाठी टांगायला मिळते, कोकणात किनाऱ्यावरही सापडते. किनाऱ्यावरची असेल तर चार-पाच दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून भिजवा. सुरुवातीला तरंगते, दगडाला दोऱ्यानं बांधून ठेवा.

चुना कधीही नको. पानाला लावतो तो चुना कॅल्शियमचाच, म्हणून कुणीतरी हमखास सुचवतं. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे. त्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. चिमूटभर जास्त झाला तर टाकी संपते.

खाण्याचं थोडक्यात: माशांच्या उरलेल्या दाण्यांवर मिस्ट्री स्नेल जगते, पण तिचा शंख चांगला होत नाही. दोडका, दुधी, फरसबी वाफवून द्या. शेवग्याचा पाला मला सगळ्यात चांगला वाटतो, कॅल्शियम भरपूर. पालक त्या खूप आवडीनं खातात, पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अडकून पडतं, म्हणून अधूनमधूनच. भाजी नीट धुवा, फवारणीचा अंश गोगलगायींना माशांआधी बाधतो. चार-सहा तासांनी उरलेलं काढून टाका, नाहीतर अमोनिया, म्हणजे पुन्हा केएच.

शंख चांगला असून गोगलगाय मरत असेल तर

हा वेगळा प्रश्न आहे, आणि पहिला संशय तांब्याचा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, आणि माशांना झेपणारी मात्रा गोगलगायीचा जीव घेते. फेनबेंडाझोल या जंताच्या औषधाचंही तसंच, नेराइट जातीच्या गोगलगायी तर त्यानं वाचत नाहीत. औषध द्यायचं असेल तर मासे वेगळ्या टबात घ्या. हिवाळ्यात गार पाणी कोमट करायला गीझरचं पाणी मिसळायची सवय असेल तर ती सोडा, काही गीझरांची आतली टाकी तांब्याची असते.

तरंगणारी मिस्ट्री स्नेल मेलेलीच असते असं नाही, त्या हवा भरून घेतात आणि कधी कधी दोन-दोन दिवस तरंगतात. उचलून वास घ्या. मेलेलीचा वास इतका उग्र असतो की शंका उरत नाही. ती लगेच बाहेर काढा, छोट्या टाकीत एकीनं अमोनिया चढतो.

सुधारलं हे कसं ओळखायचं

शेंड्याचे खड्डे भरून येत नाहीत, तिकडे बघत बसू नका. आरपार छिद्र पडलं तर गोगलगाय आतून पातळ थर देऊन ते बुजवायचा प्रयत्न करते. बाहेरून नेलपॉलिश, गोंद लावायचे उद्योग मी करणार नाही. तोंडाच्या काठाचा दर पंधरा दिवसांनी, त्याच उजेडात, एक फोटो काढा. केएच चारवर स्थिर झाल्यावर माझ्याकडे पाचव्या आठवड्यात काठाला एक बारीक रेघ उमटली आणि तिच्यापुढची वाढ पिवळीधमक, गुळगुळीत आली. रेघेमागचा पांढरा शेंडा अजून तसाच आहे, पुढे सरकलेला नाही.

सहा-सात आठवड्यांनंतरही काठ पातळच येत असेल आणि आकडे सगळे बरोबर असतील तर तापमान बघा. ३० अंशांच्या वर त्या भराभर वाढतात आणि घाईघाईत बांधलेला शंख पातळ होतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये टाकीवर छोटा पंखा लावला तरी पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, फक्त उडालेलं पाणी भरताना केएचवर लक्ष ठेवा. आणि गोगलगाय वर्ष-दीड वर्षाची असेल तर तिची वाढच आता थांबत आलेली असते. मिस्ट्री स्नेलचं आयुष्य साधारण एक ते दोन वर्षांचं. तिच्यासाठी पाण्यात रोज नवं काही घालत बसू नका, समुद्रफेन आणि शेवग्याचा पाला चालू ठेवा.